तिसरी घंटा : स्क्रीन रीडरवर चालणाऱ्या रास्पबेरी पायमधील हरवलेल्या आवाजाचे प्रकरण

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त ग्रंथपालांचे हे प्रकरण आहे. काचबिंदूमुळे पन्नाशीनंतर त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. ते माझ्या वडिलांचे स्नेही असल्यामुळे मी त्यांना काका म्हणते आणि येथेही तेच संबोधन ठेवते. गावच्या वाचनालयातील जुन्या पुस्तकांची सूची टंकित करण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले आहे आणि त्यासाठी ते ४ जीबी स्मृतीचा रास्पबेरी पाय ४ वापरतात. पत्त्यांच्या कॅटाएवढ्या या संगणकाला मॉनिटर जोडलेला नाही. ज्याला पाहायचेच नाही त्याच्या टेबलावर मॉनिटर नुसती जागा अडवतो, असे काकांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. पडद्याविनाही डेस्कटॉप सुरू व्हावा म्हणून मेमरी कार्ड तयार करतानाच मी तसे रिझोल्यूशन नेमून दिले होते. ऑर्का या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या कार्यक्रमाच्या, कळा सर्व ठिकाणी भरवशाने चालाव्यात म्हणून पडदा रेखाटणाऱ्या दोन व्यवस्थांपैकी वेलँडऐवजी एक्स-११ निवडले होते आणि दूरवरून आज्ञा देता याव्यात म्हणून एसएसएच चालू ठेवले होते. यांतील शेवटची गोष्ट केवळ सवयीने केली होती, पण पुढे सगळे तिच्यावरच निभावले.

काकांची तक्रार अशी होती की संगणक काही दिवशी अजिबात बोलत नाही, बोलला तर वाक्याचा पहिला तुकडा गिळतो, आणि मध्येच आवाज खरखरून तुटतो. ही तिन्ही लक्षणे एकाच आजाराची आहेत असे त्यांनी धरले होते आणि सुरुवातीला मीही तसेच धरले. मला फोन करण्यापूर्वी त्यांनी, संगणक बोलत होता त्या दिवशी, ऑर्का दोनदा काढून पुन्हा बसवला होता. शिवाय कोणीतरी सांगितलेली एक जुनी आज्ञाही अनेकदा देऊन पाहिली होती. ध्वनिनियंत्रणातील तिसऱ्या क्रमांकाचे मूल्य १ केले की आवाज हेडफोनच्या जॅकमधून येतो, असा तो सल्ला होता. एके काळी तो अगदी बरोबर होता. मात्र २०२० मध्ये रास्पबेरी पायच्या प्रणालीत एचडीएमआय (टीव्ही किंवा मॉनिटर जोडण्याची खाच) आणि हेडफोन ही दोन स्वतंत्र ध्वनिकार्डे म्हणून दिसू लागली आणि तेव्हापासून ती आज्ञा निरर्थक झाली. चुकीच्या सल्ल्यापेक्षा असा मुदत संपलेला सल्ला अधिक वेळ खातो, कारण तो देणाऱ्याचा स्वतःचा अनुभव खरा असतो.

डोळस माणसाच्या संगणकाचा आवाज गेला तर त्याची गाणी बंद पडतात, पण काय बिघडले ते तो पडद्यावर वाचू शकतो. काकांच्या बाबतीत आवाज हाच पडदा आहे. यंत्राला वीज पोहोचलेली नाही, डेस्कटॉप उघडलेला नाही, ऑर्का अडकला आहे, बोली तयार करणारा भाग मेला आहे, आवाज भलत्याच ठिकाणी जात आहे, पातळी शून्यावर आहे किंवा स्पीकरचेच बटण बंद आहे, अशा सात निरनिराळ्या अवस्था त्यांना एकसारख्याच ऐकू येतात, म्हणजे ऐकू येतच नाहीत. त्यामुळे ऑर्का पुन्हा बसवणे हा त्यांनी केलेला उपाय समजण्यासारखा होता. जो बोलतो त्याच्यावरच गप्प बसल्याचा आळ येतो.

प्रत्यक्षात त्या आवाजाचा प्रवास बराच लांबचा आहे. पडद्यावर काय आहे ते ऑर्का शब्दांत मांडतो आणि ते शब्द स्पीच डिस्पॅचर या मध्यस्थाकडे देतो. तो मध्यस्थ ईस्पीक एनजीकडून त्यांची बोली करून घेतो. ईस्पीकमध्ये मराठी उच्चारही आहेत. ते यांत्रिक वाटतात, पण कळ दाबताच बोलतात, आणि काकांना गोडव्यापेक्षा ते महत्त्वाचे वाटते. तयार झालेला ध्वनी पाइपवायर या आवाजाची वाट ठरवणाऱ्या कार्यक्रमाकडे जातो, पाइपवायर तो एखाद्या ध्वनिकार्डाकडे पाठवतो आणि तिथून तो स्पीकरपर्यंत पोहोचतो. पाइपवायरची ही पायरी रास्पबेरी पायच्या प्रणालीत ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून आली. डिसेंबर २०२० पासून तिच्या जागी पल्सऑडिओ होता आणि त्याआधी असा मध्यस्थच नव्हता. तीन वर्षांच्या आत रस्ता दोनदा बदलल्यामुळे या विषयावर मिळणारा सल्ला कोणत्या काळातला आहे ते पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये, असे माझे मत झाले आहे.

काकांच्या यंत्राला त्या वेळी आवाज बाहेर पडण्याच्या चार वाटा होत्या. दोन मायक्रो एचडीएमआय खाचा होत्या, तिसरी वाट ३.५ मिलिमीटरच्या जॅकची होती आणि चौथी काकांनी अलीकडेच विकत घेतलेल्या एका छोट्या यूएसबी साउंड अडॅप्टरची होती. तो अडॅप्टर घेण्यालाही कारण होते. रास्पबेरी पायच्या जॅकमधून येणारा आवाज खऱ्या ध्वनिचिपमधून न येता स्पंदांची रुंदी बदलून तयार केला जातो, आणि शांत खोलीत त्यामागे बारीक सळसळ ऐकू येते. दिवसाचे सहा तास कान लावून बसणाऱ्याला ती सहन होत नाही. त्यामुळे स्पीकर त्या अडॅप्टरला जोडलेला होता, आणि स्पीकरला लागणारी वीजही पायच्याच दुसऱ्या यूएसबी खाचेतून घेतलेली होती.

तपासणी फोनवरून झाली. काकूंच्या फोनवर आम्ही बोलत होतो आणि काका स्वतःच्या फोनवर टॉकबॅक या फोनमधील स्क्रीन रीडरच्या साहाय्याने एसएसएचमधून आज्ञा देत होते. पहिला प्रश्न काकूंना विचारला : यंत्रावरचा हिरवा दिवा लुकलुकतो आहे का? तो दिवा मेमरी कार्डाची हालचाल दाखवतो. दिवा लुकलुकत होता आणि एसएसएचही जोडले गेले. एवढ्यावरच सातपैकी एक शक्यता गळाली.

पुढे मी उलट्या टोकाकडून, म्हणजे स्पीकरच्या बाजूने, सुरुवात करायचे ठरवले. एएलएसए या लिनक्सच्या मूळ ध्वनिव्यवस्थेच्या साधनांसोबत एक छोटी ध्वनिफीत येते आणि तिच्यात एक स्त्री ‘फ्रंट सेंटर’ एवढेच म्हणते. ती फीत सगळे मध्यस्थ टाळून थेट यूएसबी कार्डावर वाजवायला सांगितली. काकू जवळजवळ ओरडल्याच, ‘‘बोलली! बाई बोलली!’’ म्हणजे अडॅप्टर, तार आणि स्पीकर यांत दोष नव्हता. मग तीच फीत पाइपवायरमार्फत वाजवली. आज्ञा निमूटपणे पूर्ण झाली, तक्रारीची एक ओळही आली नाही, आणि खोलीत शांतता राहिली. बिघाड नेमका या दोन आज्ञांच्या मध्ये होता आणि ऑर्कापर्यंत आम्ही अजून पोहोचलोही नव्हतो. दोनदा काढून बसवलेला ऑर्का निर्दोष सुटला.

पाइपवायर आवाज कुठे पाठवत आहे हे विचारण्याच्या दोन आज्ञा आहेत. पहिली सर्व साधनांचा वृक्ष काढून दाखवते आणि चालू साधनाशेजारी एक तारांकन ठेवते. डोळ्यांना ती मांडणी सोयीची आहे, परंतु टॉकबॅकने त्यातल्या उभ्या-आडव्या रेघा वाचून काढल्या आणि नेमके ते तारांकन त्या गर्दीत हरवले. दुसरी आज्ञा चालू साधनाचे नाव तेवढे एका ओळीत सांगते. त्या नावात ‘एचडीएमआय’ ही अक्षरे होती.

‘‘काका, टीव्हीची केबल लावलेली आहे का?’’

‘‘असेल. पण टीव्ही तर बंद आहे.’’

काकांचा पुतण्या अधूनमधून या संगणकावरून टीव्हीवर चित्रफिती लावत असे. आवाज टीव्हीतून यावा म्हणून त्याने एकदा ध्वनीच्या चिन्हावर जाऊन एचडीएमआय निवडले होते, आणि वायरप्लंबर, म्हणजे पाइपवायरच्या वतीने अशा निवडी सांभाळणारा कार्यक्रम, ती निवड इमानाने लक्षात ठेवत होता. टीव्ही रिमोटने बंद केला तरी तो पूर्ण बंद होत नाही. अनेक टीव्ही त्या अवस्थेतही केबलच्या दुसऱ्या टोकाला आपली ओळख देत राहतात. त्यामुळे केबल लावलेली असेल त्या दिवशी काकांचा संगणक झोपलेल्या टीव्हीशी बोलत बसे, आणि काकू साफसफाई करताना केबल काढून ठेवत तेव्हा तो पुन्हा यूएसबीकडे वळे. ‘काही दिवशी बोलत नाही’ या लक्षणाचा उलगडा असा काकूंच्या साफसफाईशी जुळला.

निवड बदलून यूएसबी करणे एका आज्ञेचे काम होते आणि ते लगेच केले. पण पुतण्या पुन्हा यायचाच होता. म्हणून यंत्राच्या मूळ मांडणीच्या फाइलमध्ये चित्राच्या चालकाला (ड्रायव्हरला) ‘नो-ऑडिओ’ हा शब्द जोडून एचडीएमआयचा आवाज कायमचा काढून टाकला. बुकवर्मपासून ही फाइल बूटमधील फर्मवेअर या विभागात असते. तीत एक स्वल्पविराम चुकला तरी यंत्र भलतेच वागू शकते, म्हणून आधी तिची प्रत काढली आणि बदलाची संपूर्ण ओळ संदेशाने पाठवून काकांकडून ती जशीच्या तशी चिकटवून घेतली. पुतण्याला हे आवडले नाही. दोन्हीकडे आवाज ठेवता आला असता असे त्याचे म्हणणे होते आणि तांत्रिकदृष्ट्या ते खोटे नव्हते. परंतु ज्या माणसाला आवाज हाच पडदा आहे त्याचा पडदा पाहुण्याच्या सोयीसाठी जागा बदलत राहावा, हे मला मान्य नव्हते. जॅक मात्र जाणीवपूर्वक चालू ठेवला आणि त्यात एक साधा इयरफोन कायमचा खोचून ठेवला. यूएसबी अडॅप्टर निखळला तर आवाज आपोआप तिकडे वळतो.

आठवडाभर शांततेची तक्रार आली नाही, मात्र गिळलेल्या शब्दांची राहिली. ही तक्रार वरवर किरकोळ वाटते, पण माझ्या मते संपूर्ण प्रकरणात हीच सर्वांत घातक होती. काका निवडीच्या एखाद्या चौकटीवर (चेकबॉक्सवर) येत, तिचे नाव ऐकत, थोडा विचार करत आणि स्पेसबार दाबत. अशा वेळी ऑर्का केवळ नवी स्थिती सांगतो : ‘चेक्ड’ किंवा ‘नॉट चेक्ड’. यांतला ‘नॉट’ गिळला गेला की उरलेले वाक्य तुटके वाटत नाही. ते पूर्ण, स्पष्ट आणि उलट्या अर्थाचे असते. सूचीच्या फाइलची आपोआप जतन होण्याची सोय काकांनी अशाच रीतीने स्वतःच्या हाताने बंद केली होती आणि ती चालू आहे या समजुतीत एका दुपारचे काम गमावले होते. सूचीत एकेक अक्षर तपासतानाही तोच प्रकार घडे. थोडे थांबून बाणाची कळ दाबली की पहिले अक्षर ऐकूच येत नसे. म्हणून काकांनी कधीतरी नकळत एक सवय लावून घेतली होती. आधी एक कळ वाया घालवायची आणि मग कामाची दाबायची, हातपंपाला पाणी येण्याआधी दोन दांडे फुकट मारावेत तशी.

कारण शोधताना दोन संशयित होते. ५ सेकंद काही वाजले नाही की वायरप्लंबर ध्वनिकार्डाला झोपवतो आणि पुढचा आवाज आला की जागे करतो. त्या जागे होण्यात स्वस्त अडॅप्टर पाव-अर्धा सेकंद घालवतात. गाणे ऐकणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही, पण वेगात ठेवलेल्या ईस्पीकचे एक अक्षर तेवढ्यात बोलून संपते. दुसरा संशयित स्वतः स्पीकर होता, कारण काही स्पीकर काही काळ आवाज आला नाही की आपले आपण झोपतात. या दोघांना वेगळे करणारी एक साधी परीक्षा आहे आणि ती फारशी वापरली जात नाही याचे मला आश्चर्य वाटते. संगणकाकडून केवळ शून्यांचा अखंड प्रवाह वाजवत ठेवायचा. कार्डाच्या दृष्टीने काहीतरी वाजत असते, म्हणून ते जागे राहते, तर स्पीकरच्या दृष्टीने ती शांतताच असते, म्हणून झोपणारा स्पीकर झोपतोच. शून्ये चालू असताना काकांना प्रत्येक अक्षर पूर्ण ऐकू आले. स्पीकर सुटला.

उपाय म्हणून वायरप्लंबरच्या मांडणीत झोपेची मुदत ५ ऐवजी ० केली, म्हणजे झोपच बंद केली. बुकवर्ममधील वायरप्लंबर ०.४ मालिकेतला आहे आणि त्याची मांडणी लुआ भाषेतील छोट्या फाइलमध्ये लिहावी लागते. ०.५ पासून मांडणीची पद्धत बदलली असून तो या जुन्या फाइली वाचतच नाही आणि वाचत नसल्याचे वापरणाऱ्याच्या कानावरही घालत नाही. प्रणाली पुढच्या आवृत्तीवर नेली की ही तक्रार पुन्हा उगवेल, अशी नोंद मी काकांच्या यंत्रावरच एका फाइलमध्ये लिहून ठेवली आहे.

तिसरे लक्षण, म्हणजे खरखर आणि तुटणे, सर्वांत लवकर सुटले. रास्पबेरी पायला पुरेशी वीज मिळते की नाही हे त्याला विचारता येते. उत्तर शून्य आले तर सर्व ठीक आहे. काकांच्या यंत्राने शून्य, एक्स, पाच आणि त्यापुढे चार शून्ये असे उत्तर दिले. यंत्र सुरू केल्यापासून केव्हातरी विद्युतदाब कमी पडला होता आणि त्यामुळे प्रोसेसरचा वेग घटवावा लागला होता, असा त्याचा अर्थ आहे. रास्पबेरी पाय ४ हा दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की इशारा देतो, पण तो इशारा म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारी विजेची छोटी आकृती. ज्या घरात पडदाच नाही तिथे ती आकृती महिनोन्‌महिने कोणासाठी उमटत होती कोण जाणे. चार्जर जुन्या मोबाइलचा होता, त्याची तार लांब आणि बारीक होती, आणि त्यावर संगणकाबरोबर स्पीकरचाही भार होता. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा रास्पबेरी पायसाठीचा अडॅप्टर आणला आणि स्पीकर वेगळ्या चार्जरवर नेला. उत्तर शून्य आले आणि खरखर थांबली.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते, पण पुढच्या वेळी काकांना माझ्या फोनची वाट पाहावी लागू नये असे दोघांनाही वाटत होते. म्हणून मी एक छोटी आज्ञावली लिहिली आणि ती कीबोर्डच्या एका जोडकळीला बांधली. ती दाबली की आधी थेट ध्वनिकार्डावर एक खर्जातली घंटा वाजते. मग यूएसबीची निवड आणि आवाजाची पातळी जागेवर आणून पाइपवायरमार्फत दुसरी, उंच स्वरातली घंटा वाजते. त्यानंतर स्पीच डिस्पॅचर ‘तिसरी घंटा’ हे शब्द मराठीत उच्चारतो आणि शेवटी ऑर्का नव्याने सुरू होऊन आपण चालू झाल्याचे सांगतो. ते शब्द काकांनी सुचवले. तरुणपणी गावच्या नाट्यमंडळात त्यांनी पडदा ओढण्याचे काम केले होते आणि तिसरी घंटा झाल्यावर काय होते ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

माझी पहिली आवृत्ती फसली. पहिली घंटा वाजलीच नाही, दुसरी व्यवस्थित वाजली. खालची पायरी मोडलेली असताना वरची शाबूत राहू शकत नाही, हे कळत असूनही मी अर्धा तास अडॅप्टरवर संशय घेतला. चूक माझ्याच आधीच्या उपायात होती. कार्डाची झोप बंद केल्यापासून पाइपवायर ते कधीच सोडत नव्हता, त्यामुळे थेट वाजवू पाहणाऱ्या आज्ञेला ‘साधन व्यग्र आहे’ असे उत्तर मिळत होते. पहिल्या दिवशीची ‘फ्रंट सेंटर’वाली बाई बोलली ती कार्ड त्या वेळी झोपलेले, म्हणजे मोकळे, होते म्हणून. आता आज्ञावली आधी वायरप्लंबर, पाइपवायर आणि त्यांना आपोआप उठवणाऱ्या सेवा थांबवते, पहिली घंटा वाजवते आणि मग त्यांना पुन्हा उभे करते. त्यासाठी दोन-तीन सेकंद जास्त लागतात.

दोन महिन्यांनी सकाळी काकांचा फोन आला. ‘‘अगं, दोन घंटा झाल्या, तिसरी नाही.’’ तेवढ्या वाक्यावरून कार्ड, तारा, वीज आणि पाइपवायर यांचा विचार करायची गरज उरली नाही. एसएसएचमधून स्पीच डिस्पॅचर मारायला सांगितला. तो गरज पडताच आपोआप पुन्हा सुरू होतो, तसा झाला आणि ऑर्का बोलू लागला. त्यानंतर असे आणखी दोनदा घडले. तिन्ही वेळा काका मराठी आवाजावरून इंग्रजी आवाजावर नुकतेच गेले होते, परंतु हाच बदल ते दिवसातून अनेकदा बिनबोभाट करतात, म्हणून त्यावर बोट ठेवण्याची माझी तयारी नाही. आज्ञावलीत दुसऱ्या घंटेनंतर स्पीच डिस्पॅचर सक्तीने बंद करण्याची ओळ घातली आहे आणि त्याची सविस्तर नोंदवही चालू ठेवली आहे. ती पुढच्या वेळी वाचायची आहे.